बेलबॉटमची मोहरी आणि कापडाचा कस

धाराशिवच्या बसस्थानकासमोरील चहाच्या दुकानात असो, तुळजापूरच्या एखाद्या ओसरीवर असो, की उमरग्याच्या तहसील कचेरीबाहेरील लिंबाच्या पारावर असो, सेवानिवृत्त शिक्षक, अव्वल कारकून, तलाठी आणि एस.टी.चे वाहक यांची जी सायंकाळची बैठक भरते तिच्यात पर्जन्यमान, पीकविमा आणि निवृत्तिवेतन या तीन प्रकरणांचा निकाल लागला म्हणजे चौथे प्रकरण बहुधा कापडाचे निघते. गुडघ्यावर फाटलेली जीन्स घातलेला एखादा तरुण समोरून दुचाकीवर गेला की त्या प्रकरणाची नोंद आपोआप होते, आणि सत्तरी ओलांडलेल्या साक्षीदारांचे जबाब एकामागून एक सुरू होतात : टेरिलिनचा शर्ट दहा वर्षे विटला नव्हता, स्वतःच्या लग्नातला कोट मुलाच्या लग्नातही अंगाला आला, पँटचे कापड झिजून गेले तरी शिंप्याने घातलेली दाब शिलाई उसवली नाही, आणि हल्लीचे कापड मात्र तीन धुण्यांत मान टाकते. या जबाबांत असत्य फारसे नसते. परंतु पूर्वीचे कापड उत्तम आणि ते घालणारे तरुणही उत्तम, असा जो ठराव शेवटी एकमताने संमत होतो त्याची उलटतपासणी कोणी करीत नाही. ती त्याच पिढीतल्या माणसाने केलेली बरी, म्हणून हा प्रपंच.

आज ज्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी किंवा निर्वेध टक्कल आहे असे हे गृहस्थ १९७० नंतरच्या चार-पाच वर्षांत गावाच्या दृष्टीने एक उपद्रवी जमात होते, हे प्रथम नमूद केले पाहिजे. कान झाकणारे केस, गालाच्या निम्म्यापर्यंत उतरलेले कल्ले, खांद्यांकडे पसरत जाणारी रुंद कॉलर, मांडीला घट्ट चिकटून गुडघ्याखाली घंटेसारखी फुलणारी बेलबॉटम आणि टाचेचे बूट हा सारा सरंजाम १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ने आणि १९७३ च्या ‘बॉबी’ने तालुक्याच्या टॉकीजपर्यंत आणला, आणि लातूर, सोलापूर किंवा औरंगाबाद येथे महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत तो खेड्यापर्यंत पोहोचविला. (लातूर त्या वेळी उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होते, ते १९८२ साली वेगळे झाले.) मूळची ही खलाशांची विजार, परंतु ज्यांनी समुद्र चित्रातच पाहिला होता अशा आमच्या तरुणांनी ती तेरणेच्या काठावर इतक्या अभिमानाने मिरविली की मोहरी किती इंची, यावरून माणसाचा दर्जा ठरू लागला. सायकल चालविताना ती मोहरी साखळीत अडकून काळी होई, पावसाळ्यात चिखल टिपून घेई, आणि उन्हाळ्यात आतून वारा खेळवीत असल्यामुळे तिचा कैवार घेणाऱ्यांना तेवढे एक शास्त्रीय कारणही मिळे. शर्टाच्या पुढच्या टोकांची कमरेवर गाठ मारण्याचे वेड १९७५ च्या ‘दीवार’ने दिले. शिंप्याच्या चुकीमुळे तो शर्ट गुडघ्याखाली जाईल इतका लांब झाला होता आणि दुसरा शिवायला अवधी नव्हता म्हणून त्याला गाठ मारावी लागली, असे अमिताभ बच्चन यांनीच पुढे सांगितले आहे; आमच्याकडच्या शिंप्यांनी मात्र ती चूक कित्येक महिने मुद्दाम, वाढीव मजुरी घेऊन, बरहुकूम शिवून दिली.

वडील पिढीला हे रुचणे शक्यच नव्हते, आणि तिच्या नापसंतीला निव्वळ खवचटपणा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. ज्यांनी निजामाच्या रियासतीत शेरवानी आणि तुर्की टोपी हे दरबारी प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून पाहिले होते, ज्यांच्यापैकी काहींच्या मनावर हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचा आणि तेथे अध्यापन केलेल्या स्वामी रामानंद तीर्थांचा संस्कार होता, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर ज्यांनी खादीचा सदरा आणि पांढरी टोपी हे जणू नव्या राज्याचे सनदपत्र समजून धारण केले, त्या माणसांच्या मुलांनी पंचवीस वर्षांच्या आत कारखान्यात रसायनांपासून ओढलेल्या धाग्याचा फुलाफुलांचा शर्ट घालून अंगणात उभे राहावे, हा त्यांच्या लेखी केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हता. तरीही १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात नोकऱ्यांसाठी, रेल्वेसाठी आणि विभागाच्या न्याय्य वाट्यासाठी जे विद्यार्थी रस्त्यावर उतरले त्यांत हेच केसाळ, कल्लेवाले तरुण होते, हे त्या वडिलांनाही मान्य करावे लागले. मोहरीच्या रुंदीवरून चारित्र्य मोजण्याची रीत तेव्हाही चुकीची ठरली होती. जीन्सला पडलेल्या भोकांवरून ते मोजण्याची आजची रीत निराळी नाही.

हे काही आमच्याच जिल्ह्याचे वैशिष्ट्य नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये लांब कोट घालणारे ‘टेडी बॉइज’ आणि त्यांच्यामागून आलेले, बेताच्या पगारातून नेटका सूट शिवून घेणारे ‘मॉड’ यांच्यावर त्या काळच्या वडीलधाऱ्यांनी अशीच आग पाखडली, आणि आज तेच म्हातारे आपल्या सुटाच्या अस्तराचे व बटणपट्टीचे वर्णन डोळ्यांत पाणी आणून करतात.

शिंप्याविषयी मात्र विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या सर्व स्मरणरंजनात अस्सल असा काही ऐवज असेल तर तो त्याच्या दुकानात आहे. प्रत्येक बाजारपेठेत नावाआधी ‘न्यू’, ‘बॉम्बे’ किंवा ‘मॉडर्न’ असे उपपद लावलेले एखादे टेलरिंगचे दुकान असे. भिंतीवर नटांची चित्रे, कानामागे खडू, गळ्यात टेप, आणि पायाच्या मशिनीवर एक पोरगेला शागीर्द काज-बटण करीत बसलेला. गिऱ्हाईक कापड घेऊन आले की मास्तर ते प्रथम चिमटीत धरून चुरगळीत, उजेडाकडे धरीत, उभा आणि आडवा धागा ओढून पाहत, आणि कापड हलके असेल तर दुकानदाराच्या नावाचा उद्धार करून ते परत करून यायला सांगत. आटणारे कापड असेल तर एक रात्र पाण्यात भिजवून वाळवून आणण्याची आज्ञा होई. मग मापे घेतली जात, ती जाड वहीत नोंदली जात, आणि वर्षानुवर्षे त्या वहीच्या पानांवरून मुलगा वाढला किती आणि बापाचे पोट सुटले किती याचा तंतोतंत रोजनामा काढता येई. बाह्यांत, कमरेत आणि पायाच्या दुमडीत पुरेशी माया ठेवलेली असे, कारण पोर वाढणार, माणूस लठ्ठ होणार किंवा आजारपणाने वाळणार, हे गृहीत धरूनच कपडा बेतला जाई. कॉलर झिजली की ती उसवून, उलटवून पुन्हा बसविण्यासाठी गिऱ्हाईक येई आणि मास्तरही ते काम कमीपणाचे मानीत नसत. पुढे ती पँट धाकट्या भावाची होई, मग तिची अर्धी चड्डी होई, मग बाजाराची पिशवी होई, आणि अखेरीस आईच्या किंवा आजीच्या हातून वाकळीच्या थरात जाऊन ती कायमची स्थिरावे. कपडा दहा वर्षे टिकला असे आज आपण म्हणतो तेव्हा या सगळ्या हातांची बेरीज आपण एकट्या कापडाच्या खात्यावर जमा करीत असतो.

आता त्या कापडाकडे वळू. बैठकीतले साक्षीदार ज्याची शपथ घेतात ते टेरिलिन काही परंपरेचे वस्त्र नव्हते. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी शोधलेला तो कृत्रिम तंतू. साठीच्या दशकात भारतातही ‘टेरीन’ या नावाने तो तयार होऊ लागला, आणि त्यात सुताचा अंश मिसळून झालेले टेरिकॉट मध्यमवर्गाच्या अंगावर आले. ते विटत नसे, चुरगळत नसे, रात्री धुऊन दोरीवर टाकले की सकाळी कचेरीत घालून जाता येई; इस्त्रीच्या अभावी तांब्यात निखारे भरून किंवा पँट गादीखाली घालून घडी पाडण्याचे कष्ट त्याने वाचविले. हे त्याचे गुण खरेच आहेत. परंतु वैशाख महिन्यात, पारा चाळिसाच्या वर गेल्यावर, ते घालून परंड्याहून भूमला एस.टी.ने उभ्याने जाणाऱ्या माणसाच्या पाठीची काय अवस्था होई, आणि शेजाऱ्याच्या विडीची ठिणगी पडताच त्यावर कसे वाटोळे, कडेने वितळलेले भोक पडे, हे साक्षीदार आपल्या जबाबात सांगत नाहीत. शिवाय त्या काळी सरकार कृत्रिम धाग्याला चैनीची वस्तू समजून त्यावर जबर कर बसवीत असे. त्यामुळे टेरिलिनचा शर्ट महाग, म्हणून मोजका, म्हणून जपून वापरलेला, आणि जपून वापरला म्हणून टिकलेला, अशी ती कारणपरंपरा आहे. जून १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यावरची बंधने सैल होऊ लागली आणि पॉलिएस्टर हळूहळू गरिबाचे कापड झाले. त्याच वस्तूची किंमत उतरताच तिची अब्रूही उतरली, आणि आज तेच गृहस्थ ‘शुद्ध सुती काही मिळते का’ असे दुकानात विचारतात, हे मला मोठे मौजेचे वाटते.

सुती कापडाचाही सरसकट गौरव करण्याचे कारण नाही. गिरण्यांवर धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल हे पाच प्रकार ठरावीक भावात काढण्याचे बंधन होते; त्या ‘कंट्रोलच्या’ कापडासाठी रास्त भावाच्या दुकानासमोर रांगा लागत. त्यातले पुष्कळसे कापड खळीच्या जोरावर ताठ उभे असे, आणि पहिल्या धुण्यात खळ निघून गेली की त्याची जाळी होई. रंगाचे तर बोलायलाच नको. ‘रंग जातो का?’ हा प्रश्न त्या काळी कापडाच्या दुकानातला पहिला प्रश्न होता आणि बहुधा त्याचे उत्तर होळीनंतरच्या धुण्यासारखे बादलीत मिळे. १९५६ नंतर सुतावर पक्का बसणारा नवा रासायनिक रंग बाजारात आला आणि आज तो प्रश्न फारसा कोणी विचारीतही नाही. म्हणजे एका बाबतीत तरी हल्लीचे साधे कापड आमच्या वेळच्या चांगल्या कापडाच्या पुढे गेले आहे. पण ते मान्य करण्यास पारावरची सभा राजी होत नाही.

आणि त्या पारावर कोण बसते, कोण बोलते, हेही पाहिले पाहिजे. बेलबॉटमची लाट आमच्याकडे आली ती नेमकी १९७२ च्या दुष्काळात. एकीकडे महाविद्यालयातील मुलगा मोहरीत दोन इंच वाढवून घेण्यासाठी जास्तीचे कापड मागत होता, आणि दुसरीकडे त्याच गावातील, त्याच वयाचा दुसरा मुलगा अंगावरच्या एकुलत्या एक सदऱ्यानिशी खडी फोडून मजुरी मिळवीत होता आणि मिलो या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरीवर दिवस काढीत होता. आज दोघेही म्हातारे झाले आहेत आणि कधीकधी एकाच पारावर टेकतात. परंतु कापडाच्या गोष्टी निघाल्या की दुसरा गप्प असतो, कारण त्याच्या आठवणीतले कापड ठिगळांचे होते आणि ठिगळाच्या कसाविषयी कोणी त्याला विचारलेले नाही. मुलींचीही गोष्ट अशीच. भावाने वेषात कितीही क्रांती केली तरी बहिणीला नायलॉनच्या पातळापलीकडे जाण्याची मुभा नव्हती, म्हणून वस्त्रांच्या या सगळ्या बखरी पुरुषांनीच सांगितलेल्या आहेत.

याहून गंभीर प्रकरण जातीचे आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाने नवे, स्वच्छ वस्त्र अंगावर घालणे हाच जेथे पिढ्यान्‌पिढ्या अपराध समजला जाई, तेथे कपडा हा छानछोकीचा विषय कधीच नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे जमलेल्या स्त्रियांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याविषयी, अंगावरचे जातिदर्शक दागिने टाकून देण्याविषयी आणि फाटके असले तरी स्वच्छ नेसण्याविषयी जो उपदेश केला, त्याचा अर्थ आमच्या भागात पुढच्या दोन पिढ्या उलगडत राहिला. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून घरातला पहिला पदवीधर होऊन जो तरुण कळंब किंवा लोहारा तालुक्यातील आपल्या गावी कडक घडीची पँट घालून उतरला, त्याच्याकडे पाहून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या त्यांनी त्याच वेळी स्वतःच्या मुलाची बेलबॉटम हसत सहन केली होती. त्या पँटचे कापड कोणत्या गिरणीचे होते हा प्रश्न तेथे अगदीच गौण होता.

कापडाच्या प्रती पूर्वीही भिन्न होत्या याला आमच्या जिल्ह्यात दोन हजार वर्षांचा पुरावा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ या वृत्तांतात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर नगराचा, म्हणजे आजच्या तेरचा, उल्लेख आहे. तेथून गाड्यांनी भडोचच्या बंदरात जो माल जाई त्यात मलमली होत्याच, परंतु त्यात साधे, सामान्य प्रतीचे कापडही मोठ्या प्रमाणावर होते असे तो लेखक स्पष्ट लिहितो. तेरलाच असलेल्या गोरोबाकाकांच्या समाधीला जाणाऱ्या भाविकांपैकी थोडेच तेथील वस्तुसंग्रहालयात डोकावतात. जे डोकावतात त्यांना सातवाहन काळाच्या वैभवाचे दर्शन होते, पण त्या वैभवाचा बराचसा भार जाड्याभरड्या कापडाने वाहिला होता, हे ध्यानात येत नाही.

तेव्हा सगळे जुने ते सोने या म्हणण्याला आधार नाही. पण मग काहीच हरवले नाही काय? हरवले आहे, आणि ते बरेच आहे. आमच्या जिल्ह्याचे कापड सोलापुरातून येई; १८७७ साली सुरू झालेल्या तेथल्या जुन्या गिरणीपासून लक्ष्मी-विष्णूपर्यंत ज्या गिरण्यांच्या भोंग्यांवर शहर चालत असे त्या एकेक करून बंद पडल्या; मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा जो संप सुरू झाला त्यातून तिथला गिरणीधंदा पुन्हा सावरला नाही. गिरणीचे नाव कापडाच्या काठावर छापलेले असे आणि माल वाईट निघाला तर ते नाव गावोगाव बदनाम होई. आजच्या तयार कपड्याच्या आत जी चिठ्ठी असते तिच्यावरून सूत कोठे कातले, कापड कोठे विणले आणि शिलाई कोणी केली याचा पत्ता लागत नाही. तयार पँटच्या आतली बाजू उलटून पाहा : ओव्हरलॉकच्या दोऱ्यापलीकडे माया उरलेलीच नसते, म्हणून ती वाढविता येत नाही आणि उसवली तर दुरुस्तही होत नाही. ताण देणारा लवचीक धागा मिसळलेल्या पँटी पहिल्या दिवशी अंगावर उत्तम बसतात आणि काही महिन्यांत गुडघ्याशी फुगून राहतात. मुलाने ती टाकून दुसरी घेतली तर त्याचा उधळेपणा दिसतो. परंतु टिकण्यासाठी ती बनविलेलीच नव्हती, हे त्याला सांगणार कोण?

येथे माझी खरी तक्रार आहे, आणि ती तरुणांविरुद्ध नाही. कापड चिमटीत धरून त्याचा कस ओळखणारी शेवटची पिढी आमची होती, आणि ते ज्ञान आम्ही मुलांना दिले नाही. आम्हीच शिंप्याच्या मजुरीवर घासाघीस केली. आम्हीच मुलांच्या लग्नात सोलापूर-लातूरच्या मोठ्या दुकानांतून तयार कपड्यांचे गठ्ठे आणले, कारण त्यात प्रतिष्ठा होती आणि वाट पाहण्याचा त्रास नव्हता. आणि मास्तरांच्या मुलाने मशिनीवर बसण्याऐवजी कुठेही चतुर्थश्रेणीत का होईना नोकरी धरावी असा सल्लाही आम्हीच दिला. आज त्या दुकानात एक मास्तर एकटे बसतात. साडीला फॉल लावणे, पँटची उंची कमी करणे आणि चेन बदलणे एवढ्या कामांवर त्यांचा संसार चालतो. मापाची वही अजून असते, पण तिची पाने वाढत नाहीत. जे आपण स्वतः सोडून दिले त्याच्या नावाने गळा काढून नातवाच्या जीन्सकडे बोट दाखविण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

ती फाटकी जीन्सही, खरे सांगायचे तर, मला अजिबात आवडत नाही. नवे कापड विकत घेऊन त्याला कारखान्यात भोके पाडून घेणे हा ठिगळ लावून दिवस काढलेल्या माणसाचा उपमर्द आहे असे मला वाटते. परंतु माझ्या वडिलांना माझी कॉलर आवडत नसे आणि त्याने कापडाचा कस घटला नव्हता. जीन्सचे मूळ कापड जाड, टिकाऊ, कामकऱ्याच्या अंगावरचे. चांगली जीन्स आजही आमच्या टेरिकॉटइतकी टिकते, आणि ती कशी निवडावी हे शिकविणारा कोणी भेटला तर मुलगा ते ऐकून घेतो, असा माझा अनुभव आहे. वेषावर टीका सुरू झाली की तो कान बंद करतो, आणि शिवण उलटून दाखविली की वाकून पाहतो.

म्हणून पारावरच्या माझ्या समवयस्कांना माझी विनंती आहे की कापडाचे प्रकरण पुढच्या वेळी निघेल तेव्हा तेथे एखादा विशीतला मुलगाही बसलेला असावा. त्याला धागा कसा ओढून पाहतात, उभे-आडवे सूत कसे ओळखतात, दाब शिलाई म्हणजे काय, माया किती सोडावी, हे सांगा. आपल्या बेलबॉटमची गोष्टही सांगा, पण त्या वर्षी खडी फोडणाऱ्या सोबत्यालाही बोलू द्या. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी शिवणकामाच्या वर्गात अशा एखाद्या जुन्या मास्तरांना आठवड्यातून दोन तास सन्मानाने बोलवावे. त्याला फार मोठ्या तरतुदीची गरज नाही. आणि येत्या दसऱ्याला नातवासाठी तयार कपड्यांचा जोड आणण्याऐवजी चांगले सुती कापड घेऊन, भिजवून, आपल्या गावातल्या शिंप्याकडे एक सदरा शिवायला टाका, मोहरी आणि कॉलर कशी हवी ते नातवालाच सांगू द्या, आणि मास्तर जी मजुरी सांगतील ती घासाघीस न करता द्या.